बावचीचं तेल

उस्मानाबाद, मार्च १९४४

प्रिय अयोध्या,

तुमच्या बेंबळी गावचा बिरदेव सकाळी तुझा निरोप देऊन गेला, तेव्हापासून जिवाला चैन नाही. आज माझ्या हातून भाकरी करपली, आणि अब्बांनी, एवढ्या मोठ्या हकिमांनी, ती मुकाट्यानं खाल्ली.

गालावरचा पांढरा डाग गेल्याशिवाय शिवलिंगप्पा तुला माहेराहून न्यायला येणार नाहीत, हे कळलं. त्यांचं स्वतःचं रूप मी तुझ्या लग्नात पाहिलंय, त्याबद्दल न बोललेलंच बरं! पण तू आता बावचीचं तेल मागच्यापेक्षा दुप्पट मागतेस, वर बावचीच्या बिया पोटातूनही घेऊ का म्हणून विचारतेस, म्हणून खरं ते सांगते.

औषध खोटं नाही. आमच्या गल्लीतल्या हुसेनबीच्या घोट्यावरचा डाग भरत आलाय, पण त्याला दोन पावसाळे गेले. उतावळ्यांचे हाल मी अब्बांच्या दवाखान्यात बघतेच. तरी तुला पुढची बाटली देण्याआधी खात्री करावी म्हणून मागच्या महिन्यात मीच दोन्ही हातांना तेल चोळलं. एक हात बाहीत झाकला, दुसरा उघडा ठेवून भर उन्हात मिरच्या निवडत बसले. झाकलेल्याला काही झालं नाही. उघड्याची नुसती आग आग, आणि मग टरारून फोड. अब्बा कडाडले, “लई शहाणी झालीस व्हय?” मग स्वतःच मलम लावत बसले. फोड गेले, काळा वण राहिलाय. तू तर दिवसभर रानात असतेस. गालावर असं झालं तर कुणाला तोंड दाखवशील?

एवढंच असतं तर कोवळ्या उन्हात थोडं थोडं लाव म्हणून बाटली पाठवलीही असती. पण निघताना बिरदेव सहज बोलून गेला, “अक्कानं चिंचा बी मागितल्यात. फोडणीचा वास बी सोसंना तिला.” अगं, मला सांगितलं का नाहीस? पोटुशी असलेल्या बाईला अब्बा बावची लावायलासुद्धा देत नाहीत, खाणं तर लांबच! मूल व्हायच्या आत डाग घालवून सासरी जायचं, म्हणून ही घाई ना? वेडी कुठली. पहिल्या बाटलीतलं उरलेलं तेल आत्ताच्या आत्ता ओतून दे. अब्बा उद्याच शिवलिंगप्पांकडे जातायत, चार शब्द सुनावायला. ते ऐकतील का, खरंच माहीत नाही. माझ्यावर रागव, बोलू नकोस, पण मी तेल पाठवत नाही. चिंचा तेवढ्या पाठवल्यात.

तुझीच, घाबरलेली
ताहेरा