क्रमांक सातच्या डोक्यावरची इमारत

रवि. २ नोव्हें.
परीक्षणाची पाळी माझी. आमच्या व्हॉट्सअपवरच्या फोटोग्राफी गटाची रीत नेहमीचीच: फोटो विद्याधरकडे जायचे, तो नावं झाकून नुसते क्रमांक घालून टाकणार, परीक्षकाने लिहायचं, आणि ज्याचा फोटो त्याने सोमवार संध्याकाळपर्यंत मौन पाळायचं. अकरा फोटो. क्र. ३ कावळा. नाव झाकूनही विद्याधरचाच. डोंबिवलीत इतक्या निष्ठेने कावळे दुसरं कोण काढतं!
क्र. ७: बांधावर खुर्ची टाकून बसलेले आजोबा, मागची इमारत बरोब्बर डोक्यातून वर गेलेली. लिहिलं, ‘आजोबांच्या डोक्यावर तीस मजले चढले आहेत. महापालिकेची परवानगी होती का? दोन पावलं डावीकडे सरकलात तर आजोबा मोकळे होतील.’ सतरा जण हसले. सूचनाही झाली, विनोदही झाला. दोन पोळ्या जास्त गेल्या.

सोम. ३
मौन सुटलं. विद्याधरने कावळ्याच्या बचावात बावीस ओळी लिहिल्या. क्र. ७ दर्शनाताई म्हात्रेंचा निघाला. ठाकुर्लीच्या, तीन महिन्यांपूर्वी गटात आल्या, फोनवरच फोटो काढतात. त्यांनी एवढंच लिहिलं: ‘धन्यवाद सर. सुधारते.’
वाद घालणाऱ्यांचा मला वैताग येतो. आज न घातल्याचा आला.

बुध. ५
क्र. ७ पुन्हा उघडला. दिवसात चौथ्यांदा. इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर, मान ताठ. इमारत मधोमध. इतकी मधोमध चुकून येत नाही.
कॉलेजात काव्यशास्त्रातले दोष तोंडपाठ केले त्या वयात गुणांचं प्रकरण परीक्षेला नव्हतं बहुतेक.
हिला दाखवला. म्हणाली, “तुला विनोद सुचला ना, की समोरचा माणूस दिसत नाही.” वर “माझ्याही बाबतीत” असं म्हणून चहा टाकायला गेली.

शुक्र. ७
शेवटी फोन केला.
“ताई, ती इमारत मुद्दाम घेतली होती का?”
“मुद्दामच सर. आमच्याच जागेवर आहे ती. रीतसर विकली, भांडण काही नाही. पण मामंजी म्हणाले, माझे डोक्यावर बसलीय, तशीच काढ.”
“मग लिहिलं का नाहीत?”
“तुमचा नियम ना, सोमवारपर्यंत बोलायचं नाही.”
“सोमवारी?”
“सोमवारी सगळे हसून झाले होते.”
जानेवारीत ठाण्याला गटाचं प्रदर्शन आहे, बारा फोटोंचं, निवड माझ्याकडे. म्हटलं, मूळ फोटो पाठवा, तो घेतो. तर म्हणाल्या, “तो डिलीट केला सर. चुकीचा होता ना. नवीन काढलाय, दोन पावलं डावीकडे.”
नवीन आला. मागे मोकळं आकाश, एक कडुलिंबाची फांदी. कुठे बोट ठेवायला जागा नाही. ओळखपत्रावर चिकटवावा असा.

शनि. ८
गटातली जुनी प्रत आहे, पण व्हॉट्सअपने पार चिमटीत आणलेली. छपाईवाला म्हणाला, “काका, पोस्टकार्डाएवढी निघेल. प्रदर्शनाच्या साइजला नुसते ठोकळे दिसतील.” पोस्टकार्डाएवढी काढून घेतली.
पुन्हा काढा म्हणावं तर मामंजी बसायला तयार नाहीत. “आदी चुकलीस, मग बरोबर काढलास, आता तिसरा कनाला?” तर्कशुद्ध.

बुध. १२
गटावर जाहीर लिहिलं: क्र. ७ बद्दल माझं चुकलं, इमारत हाच त्या फोटोचा विषय आहे. विद्याधर: “शास्त्रीबुवा, निकाल फिरवायचेच तर माझ्या कावळ्याचाही फिरवा.” पुन्हा हशा.
तासाभराने दर्शनाताईंचा मला एकट्याला निरोप: ‘सर, परत चर्चा नको होती.’
क्षमा मागतानाही मला प्रेक्षक लागतात की काय. झोप नाही, कामातही लक्ष नाही.

शनि. १५
ठाकुर्लीला जाऊन आलो. मामंजींचं नाव गोमा म्हात्रे. छापलेला फोटो हातात दिला. लांब धरला, जवळ धरला. “ह्यो बरा हाय. ह्यान माझी जागा दिसतं.” आणि खिशात घातला. परत मागायचा धीर झाला नाही.
दर्शनाताई दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, “प्रदर्शनाला नवीनच लावा सर.”
“का?”
“तुम्ही सगळे फोनवर हसलात, त्याचं मला काही नाही. पण मामंजी येणार आहेत तिथे. इस्त्रीचा शर्ट आतापासून काढून ठेवलाय. लोक यांच्या समोर हसले तर?”
रिक्षा मिळेपर्यंत उभा होतो.

गुरु. २०
कल्पना: जुनाच पुन्हा छापून लावायचा, पोस्टकार्डाएवढाच. बाकीचे अकरा मोठे, हा लहान. जवळ जावंच लागेल, आणि इतक्या जवळून माणसाला सहसा हसता येत नाही. निदान मला तरी येणार नाही.
विद्याधर: “आकाराचा नियम आहे.”
“नियम कोणी केला?”
“तूच.”
ताईंना विचारलं. म्हणाल्या, मामंजींना विचारते.

रवि. २३
यादी संध्याकाळी सहापर्यंत छपाईला जायची. अकरा नावं लिहून झाली. बारावी ओळ कोरी. नवा फोटोही तयार ठेवलाय, नाईलाज झाला तर.
साडेचारला ताईंचा निरोप: ‘मामंजी हो म्हणतात. पण फोटोखाली काय लिहिणार ते आधी वाचून दाखवायचं. मी विचारलं, हसण्यासारखं नको ना? तर म्हणाले, त्यांना सांग, लिवायचं त लिवा, पन मी खाली उभा रानार हाय.’
सहा मजकूर लिहून खोडले. सहाव्यात पुन्हा एक विनोद शिरला होता; बरा होता, म्हणून आधी तो खोडला.
५.२०. विद्याधरचे दोन फोन. उचलले नाहीत.
५.४०. ‘श्री. गोमा म्हात्रे, आपल्या जागेत.’ ‘आपल्या’ राहू द्यावं का? रीतसर विकलेली आहे.
मामंजींना वाचून दाखवायला ताईंना फोन लावला. वाजतोय.