अकरा चाळीसची नोंद

ता. ४ मार्च, मंगळवार

प्रिय बारके,

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. आप्पांचा खोकला कमी आहे, गुडघा आहे तसाच आहे. गेल्या गुरुवारी तू त्यांचं कानाचं यंत्र जुळवून गेलीस तेव्हापासून त्यांना सगळं लख्ख ऐकू येतं. मला आता स्वयंपाकघरात पुटपुटायचीही सोय राहिली नाही. गावोगाव फिरून लोकांचे कान ठीक करतेस, त्यात आमच्या घराला थोडं वगळलं असतंस तरी चाललं असतं.

फोन न करता लिहिते, कारण फोनवर तू हसतेस आणि माझं बोलायचं राहून जातं.

कालपासून तो नियम लागू झाला. रस्त्यावर गाडी उघडी सोडून गेलात तर दंड. माझ्याकडे बाजारामागच्या सहा गल्ल्या आल्या आहेत, आपली गल्ली धरून. काम सोपं आहे. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं हँडल दोन बोटांनी ओढून पाहायचं, हातातल्या मशीनवर गाडीचा नंबर टाकायचा आणि ‘बंद’ किंवा ‘उघडी’ यातलं एक बटण दाबायचं. वेळ मशीन आपणहून टिपतं. उघडी असली तर काचेवर पावती. आत चावीही दिसली तर मात्र पावती लावून पुढे सटकायचं नाही, मालक येईपर्यंत गाडीपाशी उभं राहायचं. पहिल्याच दिवशी अकरा गाड्या उघड्या सापडल्या. त्यात एक दातांच्या डॉक्टरची. दिवसभर लोकांना ‘उघडा, उघडा’ सांगून त्याला बंद करायची सवयच राहिली नसावी.

गुरुवारी जेवताना तू म्हणालीस, “ताई, हा कुठला न्याय? ज्याची चोरी व्हायची त्यालाच आधी दंड? चोर सोडून संन्याशाला फाशी.” आप्पा ठसका लागेपर्यंत हसले. मी म्हटलं, उघडी गाडी ही एकट्या मालकाची बाब नाही. चोर ती उचलून घरात नेऊन ठेवत नाही, रस्त्यावरूनच पळवतो, आणि रस्त्यावर इतर माणसं असतात. त्यावर आप्पा म्हणाले, “हिचं सगळं कायद्यात बसवलेलं.” मग तू म्हणालीस, “नाही हं आप्पा, ताईचं बरोबर आहे,” तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. म्हणजे मी म्हटलं तेव्हा ते चूक होतं आणि तू म्हटल्यावर बरोबर झालं.

जाऊ दे. मी कुठल्या कुठे गेले.

परवाच्या गुरुवारसाठी त्यांनी आजच निळा शर्ट बाजूला काढला आहे. इस्त्री मीच केली. बाकीचे सहा दिवस त्यांना कुठलाही शर्ट चालतो. सूप करून ठेवीन, मी कामावर असेन, तू गरम करून घे. माझ्या हातून अर्धी वाटी पितात, तुझ्यासमोर दोन.

आणि गाडी लॉक कर. तुझं मला माहीत आहे. शाळेत तू छत्री, डबा, चपलासुद्धा विसरून यायचीस आणि कुणीतरी हसत हसत घरी आणून द्यायचं. मी आयुष्यात एकदा कंपासपेटी विसरले, ती अजून यायची आहे. बहीण म्हणून सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तुझी ताई


ता. १७ मार्च, सोमवार

प्रिय बारके,

आप्पा बरे आहेत. सूप, औषध, सगळं वेळेवर चालू आहे.

गाडी तुझ्या अंगणात आणून सोडल्याचं ठाण्यावरून कळलं. पुढचा भाग चेपलाय, दुरुस्त होईल म्हणतात. ज्या दोघांनी ती आपल्या गल्लीतून पळवून पाववाल्याच्या सायकलवर घातली, त्यांचा पत्ता लागलेला नाही. पाववाल्याच्या मांडीचं हाड दोन जागी मोडलं आहे, शनिवारी शस्त्रक्रिया झाली. सहा महिने तरी सायकल चालवता येणार नाही. त्याची बायको आता क्रेट डोक्यावर घेऊन पायी पाव घालते. आपल्याकडे ती साडेआठला पोचते, तो सातला यायचा.

तू रोज बसने येऊन दवाखान्यात त्याच्याजवळ बसतेस असं ऐकलं. इतकं लावून घेऊ नकोस. त्याच्या बायकोने म्हणे तुला स्वतःच्या डब्यातलं खायला लावलं. दुसऱ्या कुणाची गाडी अंगावर आली असती तर त्या बाईने मालकाला दारात उभं केलं नसतं. तुझं नशीबच वेगळं आहे.

तू गाडीला हात लावणार नाहीस असं म्हणतेस, तो वेडेपणा आहे. गाडीशिवाय तू फिरणार कशी? कानाची यंत्रं बसवून घ्यायला म्हातारी माणसं दोन दोन बस बदलून तुझ्याकडे येणार आहेत का?

तू फोनवर त्या नोंदीचं विचारलंस. त्या दिवशी मी फोन लवकर ठेवला, दारात कुणीतरी आलं होतं. तर ते असं. तेरा तारखेला अकरा चाळीसला तुझ्या नंबरपुढे ‘बंद’ अशी नोंद माझ्या मशीनवर आहे, आणि गाडीची काच फुटलेली नाही, लॉक तोडलेलं नाही. त्यामुळे ऑफिसात चौकशी निघाली आहे. मी सांगितलं की घाई होती, हँडल नीट ओढलं गेलं नसेल. पंधरा वर्षांत एखादी चूक माणसाच्या हातून होते. कुणाचा विश्वास बसलेला दिसत नाही. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट तर डोळे मिचकावून म्हणाली, “आम्हीही आमच्या बहिणीसाठी हेच केलं असतं.”

तू यात पडू नकोस. कुणाला काही लिहू वगैरे नकोस. माझं मी बघते.

आप्पा तू आणलेल्या खुर्चीत बसतात. फार आरामाची आहे म्हणतात.

तुझी ताई


ता. २९ मार्च, शनिवार

बारके,

सुरुवातीला ‘प्रिय’ लिहिलं होतं, पण ते तसंच ठेवून पुढचं लिहिता येईना, म्हणून नवा कागद घेतला. आप्पांची तब्येत बरी आहे. एवढंच नेहमीचं, आता बाकीचं.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं. लिहू नकोस म्हटलं तरी लिहिलंसच. त्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं. ‘चूक माझी आहे. गाडी मी उघडी टाकली, चावी आत राहिली. ताईने माझी गाडी ओळखली असणार आणि मला दंड नको म्हणून मायेपोटी “बंद” लिहिलं असणार. ती लहानपणापासून माझ्या चुका पोटात घालत आली आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या.’

साहेब म्हणाले, “बाई, अशी बहीण मिळायला नशीब लागतं. नियम मोडलात खरा, पण माणूस म्हणून समजू शकतो. सोमवारी चौकशीत समज देऊन मिटवू. तुम्ही फक्त या पत्राखाली ‘मान्य’ असं लिहून सही करा.”

एका सहीचं काम होतं. नोकरी राहिली असती, घरात मान राहिला असता, आणि तुझ्या लेखी मी जन्मभर माझ्या धाकटीसाठी खोटं बोललेली ताई झाले असते. मी म्हटलं, उद्या करते.

घरी येईपर्यंत मला तुझा इतका राग आला की हातातली पिशवी दोनदा दगडी कठड्यावर आपटली. पिशवीत अंडी होती. चूक माझी, आणि मोठेपणा पुन्हा तुझ्या पदरात.

माया नव्हती, बारके.

तेरा तारखेला मी आपल्या गल्लीत शिरले तेव्हा तुझी गाडी लांबूनच ओळखली. हँडल ओढलं, दार उघडलं. चावी तिथेच लोंबत होती. तू दोन्ही हातांनी खुर्ची उचलून आत गेली असणार, म्हणून राहून गेली असेल. मी मशीन काढलं, नंबर टाकला. ‘उघडी’ हे बटण डावीकडे आहे. माझं बोट त्याच्यावर होतं, हे मी शपथेवर सांगते.

मग मी वर पाहिलं. आपली खिडकी तिथून ऐंशी पावलांवर आहे. आप्पा निळ्या शर्टात नव्या खुर्चीत बसले होते आणि तू त्यांच्यामागे उभी राहून पाठ किती मागे जाते ते दाखवत होतीस. ते लहान मुलासारखे हसत होते. मी गेल्या वर्षी तीनदा विचारलं होतं, आप्पा, तुमच्यासाठी आरामाची खुर्ची आणू का? तिन्ही वेळा एकच उत्तर, “कशाला? उगाच जागा अडते.”

रात्री दोनदा उठून त्यांना पाणी द्यायचं मी, नखं कापायची मी, रागवायचं माझ्यावर, आणि आठवड्यातून एकदा खुर्ची घेऊन येणारी तू. मला घरात सगळे ताई म्हणतात, आप्पासुद्धा. तू जन्मायच्या आधी मला काय म्हणत होते, ते आता कुणालाच आठवत नाही. मी विचारलं होतं एकदा.

मी ‘बंद’ दाबलं. बोट चुकलं नाही, घाई नव्हती, ओळखीची गाडी म्हणून सोडली असंही नाही. मला तुझी गाडी जायला हवी होती. तू खाली यावंस, रस्ता रिकामा दिसावा, कुणी काही हसत हसत परत आणून देऊ नये, आणि आप्पांनी हे सगळं खिडकीतून बघावं. एवढंच हवं होतं. दंडाने काय झालं असतं? तू पावती वाचून हसली असतीस, तीही त्यांना दाखवली असतीस. म्हणून नियम म्हणतो तसं मी गाडीपाशी उभी राहिले नाही. दार हलकेच लोटलं आणि पुढच्या गल्लीत गेले.

तिसऱ्या गल्लीत होते तेव्हा आवाज आला. धावत गेले तर पाव रस्ताभर, सायकल चाकाखाली, आणि तुझी गाडी दोन्ही दारं उघडी टाकून उभी. पाववाल्याचं डोकं मी मांडीवर धरलं होतं. तो मला म्हणत होता, “बाई, दुपारचे पाव तेवढे उचला हो, आज सगळे ठरलेले आहेत.” गाडी रस्त्यावर जाते आणि रस्त्यावर माणसं असतात, हे जेवणाच्या टेबलावर तुला कोणी ऐकवलं होतं? आणि ते ठाऊक असून बटण कोणी दाबलं?

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचलं. मग माझं मशीन आणि बिल्ला टेबलावर ठेवायला सांगितलं. सोमवारची चौकशी आता नावाला होईल, नोकरी जाणार. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू बसने धावत आली असतीस, मला कवटाळून समजावलं असतंस, आणि मी समजून घेऊन त्या पत्राखाली सही केली असती.

आज सकाळी आप्पांना सांगितलं. त्यांना एकही शब्द दोनदा सांगावा लागला नाही, तुझं यंत्र चांगलं आहे. ते खुर्चीतून उठले आणि पलंगावर जाऊन बसले. तिथून म्हणाले, “बारकीला सांगितलंस का?”

बघ. तेव्हाही आधी तूच. इतकं सगळं झाल्यावरही मला ते लागलं, हे लपवण्यात आता काही अर्थ नाही. पण त्यांचं बरोबर होतं, म्हणून हे पत्र.

उद्या पाववाल्याकडे जाणार आहे. त्याला आणि त्याच्या बायकोला तोंडाने सांगेन. ती मला दारात उभं करील असं वाटत नाही आणि तिने करूही नये. पहाटे तिच्याबरोबर क्रेट वाहू देते का, एवढं विचारीन.

तू गाडी दुरुस्त कर आणि चालव. लॉक केली नाहीस ती चूक तुझी, तेवढी तू घे. खोटं पांघरूण घालून तुला तीही सोडून देणार नाही. पण त्याच्या मांडीचा भार तुझ्या अंगावर घेऊ नकोस. मी त्या दारापाशी उभी राहिले असते तर तो आज पाव वाटत असता.

आता एकच मागते. हे वाचून लगेच येऊ नकोस. फोन करू नकोस. ‘ताई, झालं गेलं’ असं लिहू नकोस. तू तसंच लिहिशील हे मला ठाऊक आहे, आणि मग माफ करण्यातही तूच पुढे जाशील. एवढ्या एका बाबतीत मला जिंकू देऊ नकोस आणि तूही जिंकू नकोस. नुसती रागाव. भांडी आपट, मला नावं ठेव, दोन गुरुवार येऊ नकोस. मग जे उरेल ते घेऊन ये. मी दार उघडायला घरीच असेन.

जिच्यावर तू आजवर एकदाही रागावली नाहीस, ती
तुझी ताई