तबक तुमच्यापुढे आलं तेव्हा

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही निवत नाही. बापावर असं चिडून लिहू नये म्हणतात. म्हणोत बापडे!

भाषेवरून प्रांतांची वाटणी झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि आपल्या लोधीपुरा मोहल्ल्यात मी जात होते त्या मुलींच्या मराठी शाळेचं काय करायचं म्हणून देवळात बैठक भरली. मी आईबरोबर खांबाआड बसले आहे. शाळा चालवणारे शेठ म्हणतात, "अब तो सगळा कारभार हिंदीतच चालेल, ही मराठी शाळा बंद करून टाकू." मग पानाचं तबक फिरतं. आपल्याकडची रीतच तशी, पान उचललं की ठराव कबूल. तुम्ही मुलांच्या शाळेत गुरुजी, गल्लीत मान मोठा, म्हणून तबक आधी तुमच्यापुढे. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. सगळे गप्प. आणि उचललंत की हो पान! मग काय, एकामागून एक सगळ्यांनीच उचललं.

घरी आईने चुलीपुढे पाट आपटला. "पोरगी आता कुठे जाईल?" तुम्ही म्हणालात, "सगळेच राजी दिसले, मी एकटा कुठे तोंड उघडू? आणि पार बुधवारा मोहल्ल्यापलीकडच्या शाळेत पोरीला एकटं धाडलं तर लोक काय म्हणतील?" माझं शिक्षण तिथंच संपलं.

तुमच्या तेराव्याला शेजारचे काका हळहळले, "आम्हाला तरी कुठं बंद पाहिजे होती शाळा? पण गुरुजींनीच पान उचललं, मग आमची काय बिशाद!" बाकीचे माना डोलवत म्हणाले, "आमचंबी तेच." माझ्या अंगाची लाही लाही झाली. शाळा बंद व्हायला एकालाही नको होती, नाना! तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होता, ते तुमच्या. आणि वाटोळं झालं माझं.

पुढे, लेकरं पदरात असताना, बाहेरून परीक्षा देत शिकले. आता कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणसं एकमेकांना बघून कशी वाहवत जातात, ते पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते. एकाने जरी "मला नाही पटत" म्हटलं तर दुसऱ्याची जीभ सुटते, हेही सांगते. एकच माणूस लागतो हो. तो तुम्ही असायला हवा होता!

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? राहू दे उशीखाली. एक मात्र सांगते. त्या बैठकीची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते, अगदी तावातावाने. पोरं विचारतात, "मॅडम, वो सबसे पहले पान उठानेवाले कौन थे?" मी म्हणते, "असेच, गावातले एक गुरुजी." माझे वडील होते, हे अजून एकदाही तोंडातून निघालेलं नाही.