एम्लिनसाठी हॅम

२१ ऑक्टोबर १९६५, गुरुवार

एम्लिन घरी येतोय!

सकाळच्या टपालाने पत्र आलं. माझे हात पिठाचे. लिफाफा दाताने फोडला. आत लिहिलंय, आपल्या बंधूंचे अवशेष कुटुंबाच्या ताब्यात देण्यास हरकत नाही. हरकत नाही म्हणे! चौदा वर्षं तुरुंगाच्या भिंतीआड पुरून ठेवला पोराला. वर ना दगड, ना नाव. आणि आता यांची हरकत नाही.

इडवल रात्रपाळी करून झोपला होता. गदागदा हलवून उठवला. म्हटलं, एम्लिन येतोय. डोळे चोळत बसला बिचारा, पत्र दोनदा वाचलं, आणि म्हणाला, "मग हॅम लागेल." आमच्याकडे मयतीच्या जेवणाला हॅम हवाच, डुकराची अख्खी मांडी.

या माणसाशी लग्न का केलं ते अधूनमधून विसरायला होतं. आज आठवलं.

दुपारी आईच्या कबरीवर जाऊन सांगून आले. तिने शेजारची जागा धरून ठेवली होती, मरेपर्यंत हाच घोषा. तुझ्या बाजूला येतोय म्हटलं, आता जरा सरकून घे. मग तिथेच बसून यथेच्छ रडले. घरी येऊन दोन वेळचे बटाटे सोलले.

२३ ऑक्टोबर, शनिवार

मिस्टर बोवेन आले होते. आमच्या चॅपलचे, म्हणजे प्रार्थनाघराचे, कारभारी, आणि गावचे खाटीकही. त्यामुळे देवाचं आणि मांसाचं एकाच माणसाशी बोलावं लागतं.

खुर्चीच्या कडेवर बसले. घसा साफ केला. म्हणाले की झालं गेलं खरं, सरकारने माफीही दिली, पण अंत्ययात्रा आपली छोटीशी करावी, घरगुती, उगाच गाजावाजा नको.

माफी! एम्लिनने काय केलं होतं माफ करायला? कोपऱ्यावरच्या दुकानदार म्हाताऱ्या रीसला मारला म्हणून याला चोविसाव्या वर्षी फासावर चढवला. आणि दोन वर्षांपूर्वी रीसचाच पुतण्या इस्पितळात मरताना कबूल करून गेला की मी मारला. माफी मागायला हवी होती, ती दिली यांनी. इंग्रजांची रीतच उलटी.

पण मी हे काही बोलले नाही. गोड आवाजात म्हटलं, छोटीशीच करू, मग हॅमही छोटासाच लागेल, तो मी खालच्या गावातल्या खाटकाकडून आणते. तुम्हाला कशाला त्रास!

बोवेन निघताना अख्खं गाव येणार, चॅपलचा गायकांचा कॉयर गाणार आणि वीस पौंडांचे दोन हॅम, असं ठरलं होतं.

२४ ऑक्टोबर, रविवार

चॅपलच्या दारात चौघींनी मला मिठी मारली. त्यातल्या तिघी चौदा वर्षं मला बघून रस्ता ओलांडत होत्या.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

लंडनहून सरकारी माणूस आला कागदांवर सह्या घ्यायला. सज्जन होता. टोपी मांडीवर धरून बसला. शवपेटी कशी येईल, कोण सोबत असेल, सगळं हळू आवाजात समजावलं. १३ नोव्हेंबर, शनिवार ठरला. मी फळं घालून केलेला पाव कापला, वर लोणी थापलं. तीन तुकडे खाल्ले त्याने, चौथ्याला नको नको करत घेतला.

मग मध्येच त्याची नजर घड्याळावर गेली आणि ताडकन उठला. म्हणाला, माझी गाडी चुकली. म्हटलं, बसा हो, ते पंधरा मिनिटं पुढे आहे. तो बघतच राहिला. म्हणे बिघडलंय का? बिघडलं कशाला, मीच लावलंय. इडवलने सांगितलं त्याला, या गल्लीत सगळ्यांचीच घड्याळं पुढे, कुणाचं दहा मिनिटं, कुणाचं वीस. उशीर झाला तर खाणीत उतरवणारा पिंजरा काही थांबत नाही.

"पण पुढे आहे हे तुम्हाला माहीत असतं," तो म्हणाला. "मग उपयोग काय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. बघायचं, वजा करायचं. आमची पोरं बे एके बेच्या आधी ही वजाबाकी शिकतात. शहरातल्या माणसाला नाही कळायचं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

घोळ झालाय. कप!

हॅम ठरला, पाव ठरले, पण चहा ओतायचा कशात? चॅपलच्या साठ कपबशा आमच्याच गल्लीत, नऊ नंबरच्या घरातल्या कपाटात असतात. आणि त्या घरात मी पाय ठेवणार नाही.

नऊ नंबर म्हणजे ओल्वेन पॅरी. पूर्वी मी तिला बोपा म्हणायचे. गल्लीतल्या प्रत्येक पोराची अशी एक बोपा असते, रक्ताची नव्हे, पण मावशीहून जवळची. दात पडला की आईआधी बोपाला दाखवायचा. या बोपाने मला विणायला शिकवलं. एम्लिनला तर तिने आपल्या ताटातलं भरवलं.

आणि तिनेच त्याला फासावर दिला. एम्लिन म्हणत होता, सहाच्या बसमधून उतरलो आणि तडक घरी आलो, सहा वाजून पाच मिनिटांनी घरात होतो. बस सहाला आली हे कंडक्टरनेही सांगितलं. पण ही साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, मी त्याला खिडकीतून घरी येताना पाहिलं तेव्हा सहा वाजून वीस झाले होते. झालं! मधली पंधरा मिनिटं हा कुठे होता? रीसचं दुकान बसथांब्यासमोर. रीसचा खून त्याच वेळात. ज्युरीच्या बारा जणांना आणखी काय हवं?

का खोटं बोलली ते देव जाणे. पुतण्याच्या कबुलीनंतर सरकारी चौकशी झाली, तिच्या अहवालातही आलंय, तिची वेळ विश्वासार्ह नाही म्हणून. मी ती ओळ तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलीय.

इडवलला म्हटलं, चहा जॅमच्या बाटल्यांतून देईन. तो म्हणाला, बोवेनच्या मिशा बाटलीत मावायच्या नाहीत.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉयरमध्ये भांडण. कबरीवर कुठलं भजन गायचं यावरून मंद्र आवाजवाले एकीकडे, तार आवाजवाले दुसरीकडे. इडवल घसा बसेपर्यंत भांडून आला. मी त्याला सांगितलं, एम्लिनला एक सूर धड लावता यायचा नाही, काहीही गायलात तरी त्याला आवडेल.

कॉयरमध्ये नुसते ओठ हलवायचा तो. तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही!

९ नोव्हेंबर, मंगळवार

रेडिओवर सांगितलं. खुनासाठी फाशी बंद. पाच वर्षांपुरती, मग पुन्हा विचार करणार म्हणे, पण बंद.

लंडनच्या सभागृहात त्या वादाच्या वेळी कुणीतरी एम्लिनचं नाव घेतलं होतं. आमचा एम्लिन! ज्याला स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत. नगरपालिकेच्या कचेरीत जायला घाबरायचा, आणि आता साऱ्या देशाच्या कायद्यात जाऊन बसला.

शेजारचे, पलीकडचे, सगळे दारात आले. जो तो चहा प्यायला आत आला. मी आनंदाने नाचावं की डोकं आपटावं ते मला कळेना. तेव्हा केक केला. नऊ नंबरचा पडदा ओढलेला होता.

११ नोव्हेंबर, गुरुवार

हॅम शिजतोय. एवढा मोठा की कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात टाकावा लागला. दुसरा उद्या. घरभर लवंगेचा वास. इडवल पाळीवरून आला तो कोळशाने माखलेला, थेट हंड्याकडे. त्याला लाटण्याने हाकलला.

आमच्याकडे पुरुष कबरीकडे जातात आणि बायका हॅमकडे. पेटी दारातून निघाली की आम्ही पडदे ओढायचे, सुऱ्या घ्यायच्या आणि कापायला बसायचं. आईच्या वेळीही मी इथेच उभी होते, चकत्या करत. पातळ काप, माणसं वाढलीत असं बोवेनची बायको सांगत होती.

पण एम्लिनला एकदा माझ्याशिवाय पुरलाय. दुसऱ्यांदा नाही. मी जाणार. इडवलला सांगितलं. तो म्हणाला, गाव काय म्हणेल? मग स्वतःच म्हणाला, गावाने म्हणायचं ते म्हणून झालंय.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

कप आणले. मीच गेले. आज लिहवत नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी

पेटी यायला अजून तीन तास आहेत. लिहून टाकते, नाहीतर सुरी चालवताना बोट कापेन.

काल इडवल पाळीवर, बोवेनबाईचे गुडघे दुखतात, बाकी सगळ्या पावात गुंतलेल्या. म्हटलं, नेस्टा, जा, कप घे, तोंड उघडू नकोस. गेले. तिने दार उघडलं. केवढीशी झालीय! कप आधीच कागदात गुंडाळून टेबलावर मांडून ठेवले होते. किती दिवसांपासून कुणास ठाऊक.

मी टोपलीत भरत होते. भिंतीवरच्या घड्याळाने चारचे ठोके दिले. मी टोपली उचलली आणि सवयीने म्हणून गेले, "पावणेचार झाले, निघते मी."

ती खाली बसली. म्हणाली, "तुला माहीत आहे. ते पुढे असतं हे."

म्हटलं, सगळ्यांनाच माहीत आहे.

"त्यांना नव्हतं, नेस्टा."

मला आधी कळेचना. मग ती बोलत गेली, हात मांडीवर, माझ्याकडे न बघता. कोर्टात बायबलवर हात ठेवायला लावला. मोठ्या वकिलाने विचारलं, बाई, तुमच्या घड्याळात किती वाजले होते? घड्याळात सहा वीस होते, तिने सहा वीस सांगितले. शपथ घेतल्यावर पदरचं काही बोलायचं नाही. पुढचं ते बघतील, वजा करतील, सगळेच करतात. कुणी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. फाशी सुनावली तेव्हा तिला वाटलं, आणखी काहीतरी पुरावा असेल, आपल्याला काय कळतंय.

"फाशीच्या सकाळी घड्याळात नऊ वाजले," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले. आणि मनात आलं, नाही, अजून पंधरा मिनिटं आहे पोरगा. तेव्हा कळलं मला."

पायात जोडे न घालता धावत सुटली. उतारावरून खाली, टपालघराच्या टेलिफोनकडे. अर्ध्या वाटेत बाजाराच्या घड्याळाचे नऊ ठोके पडले. खरे नऊ.

नंतर पत्रं लिहिली म्हणे तिने, सहा-सात. प्रकरण संपलेलं आहे असं उत्तर यायचं. आणि माझ्या आईला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

मी टोपली घेऊन आले. सुरुवातीला इतका राग आला की दोन कप फोडावेसे वाटले. एक वाक्य! एक वाक्य जास्त बोलली असती तर एम्लिन आज अडतीस वर्षांचा, टकला, सुटलेल्या पोटाचा, पोराबाळांचा बाप असता. पण मग डोळ्यांसमोर ते अनवाणी पाय येत राहिले. खोटं नव्हती बोलली. खरं बोलली, अगदी काट्यावर काटा.

तिला निरोप पाठवलाय. दुपारी दोनला तयार राहा. खरे दोन.

१४ नोव्हेंबर, रविवार

आला! घरी आला, जेवणावळ झाली, आईशेजारी झोपला.

चारशे माणसं. खाण दोन तास बंद. पेटी अगदी हलकी होती. इडवल म्हणाला, आम्ही सहा जण उगाच, दोघांनी नेली असती. त्यावर सगळे हसले, आणि हसता हसता रडले.

पेटी निघाली. बायकांनी पडदे ओढले. मी एप्रन काढला, कोट घातला, आणि नऊ नंबरच्या दारावर गेले. म्हटलं, चल बोपा. हा शब्द चौदा वर्षांनी तोंडात आला. ती उंबऱ्यात थबकली. मी तिचा हात माझ्या काखेत धरला आणि भर रस्त्यातून, सगळ्या गावादेखत, पुरुषांच्या मागून घेऊन गेले. बोवेनच्या मिशा ताठ झाल्या. मग त्यानेच बाजूला होऊन आम्हाला पुढे जागा करून दिली.

कॉयरने दोन्ही भजनं गायली. भांडण मिटलं. बोपाने मूठभर माती टाकली, मी टाकली.

परत येऊन बघते तो दोन्ही हॅमची फक्त हाडं उरलेली. पोटभर जेवून गेलं गाव, एम्लिनच्या नावाने. बायका माझ्याकडे बघत होत्या. बोवेनबाई म्हणाली, तुझ्याएवढं मन कुणाला असतं, नेस्टा, कसं माफ केलंस? मी म्हटलं, करायचं असतं माणसाने. खरं सांगायचं तर फार छान वाटलं. अशी गाढ झोप कितीतरी वर्षांत लागली नव्हती.

१५ नोव्हेंबर, सोमवार

कप विसळताना आठवलं.

मी होते तिथे. कोर्टात, वरच्या सज्जात, दुसऱ्या बाकावर, आईला लागून. सहा वाजून वीस, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ते घड्याळ मी सात वर्षांची असल्यापासून बघत आलेय. मी उठून उभी राहिले नाही.

आणि तिने उत्तर दिल्यावर मान वर करून सज्जाकडे पाहिलं होतं. माझ्याकडे. आता लख्ख दिसतंय. चौदा वर्षं. शुक्रवारी एवढं सगळं बोलली, तरी हे एक बोलली नाही.

साठ कप पुसून झालेत. नेऊन देते. मीच.