आइस्क्रीमच्या गाडीचं मागचं दार

बाबा,

आज टी. टी. नगरात जाऊन नवी हीट गन घेतली. दुकानदाराला आधी वाटलं मला केस वाळवायचं मशीन हवंय, त्याने दुसरं काउंटर दाखवलं. मी गाड्यांवर व्हिनाइलचे मोठे स्टिकर लावते म्हटल्यावर त्याने जुना रंग काढायला नेतात ती गन पुढे ठेवली, दोनच बटणांची, कमी आणि जास्त. तुमची होती तशीच. मी ती हातातसुद्धा घेतली नाही. मला उष्णता थोडी थोडी कमीजास्त करता येईल अशी हवी होती, आणि ती किती आहे ते समोर आकड्यात दिसायला हवं होतं. वजन बघितलं, कारण दिवस दिवस हात खांद्याच्या वर धरावा लागतो. वायर गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पोचेल का ते बघितलं. काम झाल्यावर थंड हवा सोडते का, ते विचारलं. पर्समध्ये व्हिनाइलचा एक तुकडा नेला होता, त्यावर फिरवून पाहिली. तुकडा मऊ झाला, पण कडेने आकसला नाही आणि त्यावर चकाकी चढली नाही, तेव्हा कुठे मी हो म्हटलं. दीड तास गेला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, हवा ही तो गरम करनी है।" तुम्हीही हेच म्हणायचात, मराठीत.

बरखेड्याच्या कारखान्यात तुम्ही सव्वीस वर्षं लेथवर काढलीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन रेडियम-स्टिकरचं दुकान टाकलंत तेव्हा मी बी.ए. करून घरी होते आणि धाकटा इंदूरला इंजिनिअरिंगला. म्हणून मला दुकानात घेतलंत, 'तोपर्यंत'. हा तुमचाच शब्द. अक्षरं कापणं, मधला नको असलेला भाग कटरच्या टोकाने सोलून काढणं, साबणाच्या पाण्यावर स्टिकर सरकवून पट्टीने बुडबुडे बाहेर काढणं, सगळं तुम्ही शिकवलंत, आणि नीट शिकवलंत. ते मी नाकारत नाही. गन मात्र तुम्ही एका ओळखीच्या रंगाऱ्याकडून आणली होती, आणि कमीवर ठेवली तरी ती आपल्या कामाला जास्तच तापायची. दुसरी घेऊ या, असं मी तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी तुम्ही मान वर न करता म्हणालात, "याच्याहून वाईट मशीनवर मी आयुष्य काढलंय. तुला सगळं हातात आयतं पाहिजे."

मग ती आइस्क्रीमची गाडी आली. मी बावीस वर्षांची होते. मालक जहांगीराबादचा, पहिलीच गाडी घेतलेला, आणि खूश. दोन्ही बाजूंच्या पत्र्याला उभ्या, खोलगट पन्हाळ्या होत्या. अशा पन्हाळीत व्हिनाइल गरम करून बसवावं लागतं, आणि बसल्यावर पुन्हा एकदा जास्त ताप द्यावा लागतो, नाहीतर ते आपल्या जुन्या सपाट आकाराकडे परत ओढलं जातं आणि सुटतं. दोन्ही बाजू मी केल्या, गन लांब धरून, दीड दिवस. मागचं दार राहिलं होतं. ते कुठेतरी ठोकलं जाऊन नव्याने रंगवून आणलेलं होतं. हा रंग कच्चा आहे, इथे घाई नको, असं मी म्हणतेय, आणि तुम्ही माझ्या हातातून गन काढून घेता. मालक संध्याकाळी येणार असतो. तुम्ही बटण जास्तवर करता. मी बघत उभी आहे. आधी व्हिनाइल चमकतं, मग सुरकुततं, मग खालचा रंग फोड आल्यासारखा वर येतो. तुम्ही तो अंगठ्याने दाबता, इकडेतिकडे बघता, आणि त्या जागेवर 'शुद्ध शाकाहारी'चा हिरवा गोल स्टिकर लावून टाकता.

चार दिवसांनी मालक तो स्टिकर हातात घेऊन आला. त्याच्या मागे तळहाताएवढा रंग निघून आला होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, शेजारचा झेरॉक्सवाला चहा घेऊन बसला होता. मालक ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, हे कुणी केलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "बेटी ने किया है भाईसाहब। मैं तो उस दिन था नहीं।"

मालकाने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, कीव आल्यासारखं. झेरॉक्सवाला म्हणाला, लड़कियों का काम नहीं है ये, आणि तुम्ही मान हलवलीत.

घरी आई भाकऱ्या करत होती. मी स्वयंपाकघरात पाट न घेताच जमिनीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तुम्ही हात धुवायला आत आलात, ऐकलंत, आणि मोरीकडे तोंड करून म्हणालात, "दुकानाचं नाव राहायला हवं. तुझं काय, तू उद्या लग्न होऊन जाशील." आईने तवा उतरवला. तिनेही मला फक्त जेवून घे म्हटलं. पुढे चार वर्षं मी त्या दुकानात अक्षरं सोलत बसले. गनला तुम्ही मला पुन्हा हात लावू दिला नाही. गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, अंकल खुद लगाएँगे ना? आणि तुम्ही हो म्हणायचात. मला वाटतं, शेवटी शेवटी ते दार मीच जाळलं होतं असं तुम्हाला खरोखर वाटायला लागलं होतं.

तुम्ही गेलात आणि दुकान धाकट्याच्या नावावर निघालं. त्याने ते मोबाईल कव्हरवाल्याला भाड्याने दिलं. मी मंडीदीपला दुसऱ्यांकडे सहा वर्षं गाड्या केल्या, सासरी बोलणी खाल्ली, मग स्वतःचं छोटं शेड घेतलं. आता माझ्याकडे शाळांच्या बस येतात, रुग्णवाहिका येतात. हे अभिमानाने सांगत नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय, आणि तुम्हाला कळणार नाही, याचाही राग येतो.

गेल्या आठवड्यात तो मालक शेडवर आला. केस पांढरे झालेत, आता सहा गाड्या आहेत, सहाही करायच्या आहेत. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं, पण मी कुणाची मुलगी ते त्याला माहीत नव्हतं. बोलता बोलता बरखेड्यातल्या आपल्या जुन्या दुकानाचा विषय निघाला आणि त्याला एकदम आठवलं. तो खुर्चीवर बसला, चांगल्या मनाने हसला. तुमची चौकशी केली. चौदा वर्षं झाली म्हटल्यावर हात जोडले आणि म्हणाला, "बड़े सच्चे आदमी थे। अपनी बेटी की गलती भी छुपाई नहीं।"

हे वाक्य मी अठरा वर्षं तयार होते उलटवायला. काय बोलायचं ते पाठ होतं, हिंदीतही. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, घाई नव्हती, आणि तो माझं ऐकायला बसला होता. मी म्हटलं, "हाँ, तब मैं नई थी।" तो म्हणाला, होता है, होता है, आणि कामाचं बोलायला लागला.

तुमची इज्जत राखली असं समजू नका. आईची आठवण आली असंही नाही. सहा गाड्यांचं काम हातचं जाईल ही भीतीही नव्हती, तो माणूस तसा नाही. मी रोज रात्री कारण शोधते आणि ते सापडत नाही. एवढंच कबूल करते की ते खोटं बोलायला मला क्षणभरसुद्धा थांबावं लागलं नाही, आवाज हलला नाही, आणि बोलताना मी पदराने चष्मा पुसत होते.