तळ्यावर भेटलेली तुमची विद्यार्थिनी

बाबा, परवा मी डिचोलीच्या तळ्यावर दोन दिवस तंबूत राहून आले. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, मी साठीला टेकले, तेव्हा कुठे हे जमलं. आता तिथे सगळ्यांसाठी जागा केलीय. नाव नोंदवलं की तंबू ठोकायला चौकोन मिळतो, नळ आहे, चुलीला दगड आहेत. तुमच्या वेळी नुसता माळ होता म्हणतात. म्हणतात, कारण मी तो कधी पाहिलाच नाही.

दर डिसेंबरात तुम्ही शाळेच्या मुलामुलींना तिथे न्यायचात. आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरात सुक्या खोबऱ्याची चटणी कुटतेय, तुम्ही पिशवी भरताय आणि मी दाराला टेकून उभी आहे. सातवीत असताना मी एकदाच विचारलं, "मी येऊ?" पिशवीवरून नजर न काढता तुम्ही म्हणालात, "मास्तराच्या पोरीनं मागं लागायचं नसतं. लोक म्हणतील, आपलीच पुढे करतो." त्या वर्षी माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली गेल्या. परतल्यावर आठवडाभर त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या, पण त्या सांगत होत्या तो माणूस आमच्या घरात राहत नव्हता. तो गाणी म्हणायचा.

परवा ह्यांनी तंबू उभा केला तो दोनदा पडला. शेजारच्या तंबूतून एक बाई उठून आली, माझ्यापेक्षा थोडी लहान, पेडण्याची. तिनं खुंटी उपटून तिरकी ठोकली, दोरीला गाठ मारली. "आमच्या सरांची गाठ," म्हणाली. मामाकडे राहून डिचोलीच्या शाळेत शिकले, असंही म्हणाली. कोण सर, हे मला विचारावं लागलं नाही. मी त्यांची मुलगी म्हटल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले.

मग चहा आणि उंडे पाव घेऊन ती आमच्याकडेच बसली. "पोहायलाही त्यांनीच शिकवलं गे. पाचवीत होते मी. पोटाखाली तळहात धरायचे आणि म्हणायचे, हात काढलाय हां. काढलेला नसायचाच." ती हसली. मी तुमचा तळहात आठवू लागले. मला आठवला तो माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करणारा हात.

"तुला तर त्याच्याही आधी शिकवलं असणार."

"हो," मी म्हटलं. "तिसरीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला न्यायलाच आली. "चल, ऊन चढायच्या आत एक फेरी मारू." मागे हटायला जागा नव्हती. उथळ भागाला दोरी बांधलेली आहे, तिथे मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले. ती दोरीपर्यंत पोहत गेली, परत आली. मी तिथेच.

"तुला येत नाही," ती म्हणाली.

"नाही."

ती हसली नाही, का खोटं बोललीस असंही तिनं विचारलं नाही. पाण्याखाली हात धरून म्हणाली, "आडवी हो. सरांचंच आहे, तुला देते." मी आडवी झाले, बाबा. नाकात पाणी गेलं, तरी थोडी तरंगलेही. तेवढ्यात ती म्हणाली, "हात काढलाय हां." काढला नव्हता, पोटाला लागत होता. मला बरं वाटायला हवं होतं. पण बारा वर्षांची असताना वाटायचा तसाच हेवा वाटला. तुमचं वाक्यही तिच्याकडेच होतं, आणि इतक्या वर्षांत तिनं ते वापरून वापरून अगदी आपलं केलं होतं.

निघताना तिनं मागितलं ते एकच. "सरांचा एखादा फोटो असला तर पाठव गे. माझ्याकडे एकही नाही."

"आमच्याकडेही नाही," मी म्हटलं. "पुरात गेले सगळे."

तुम्हाला हे पत्र कुठे पोचायचंय, म्हणून सांगते. पुरात काही गेलं नाही. फोटो कपाटात आहेत. एकात तुम्ही त्याच तळ्याच्या काठी ओल्या केसांनी उभे आहात, तोंडभर हसताय, आणि भोवती मुलंमुली आहेत. त्यातली ती कुठली, हे मी अजून शोधलेलं नाही.