शक्य असेल तेथे

प्रिय ठमे,

मावशी फोनवर म्हणाली, तुझं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघणार. डाव्या हाताने वेणी घालायलाही शिकलीस म्हणे. लहानपणी दोन्ही हातांनी कधी धड घातली नाहीस. माझं ठीक चाललंय. निवृत्तीला दोन महिने उरलेत, त्यामुळे खात्यात मला आताच पाहुण्यासारखं वागवतात. खुर्ची कुरकुरते, गुडघेही कुरकुरतात. फार थकलोय गं.

बाबा ऑफिसात काय करतात, असं शाळेत विचारलं की तू ‘धोरण लिहितात’ असं सांगायचीस. खरं तर धोरण कोणी एक माणूस लिहीत नाही. ते टप्प्याटप्प्याने, झिजत झिजत तयार होतं. आधी कोणाला तरी काहीतरी खुपावं लागतं. घरोघरी जाणाऱ्या नर्सना एकटं पाठवतात, हे अकरा वर्षांपूर्वी एका नर्सने चार पानांच्या अर्जात लिहिलं आणि तो अर्ज माझ्या टेबलावर आला. तो विषय बैठकीपुढे यायलाच तीन वर्षं गेली. मग मी मसुदा केला: अनोळखी घरी जाताना नर्सबरोबर दुसरी व्यक्ती असेलच. मग हरकती, बैठका, चहा. या विषयाची पाळी आली की सगळ्यांना एकदम घड्याळ दिसायचं.

इतकी माणसं आणायची कुठून, असं विचारत फाइल तीनदा परत आली. आमच्या साहेबांना आम्ही मागून ‘पुढचा टप्पा’ म्हणायचो. ते म्हणाले, वाक्य जरा मऊ करा, आत्ता मंजूर करून घेऊ, नियमावली करताना पक्कं करू. खात्यात ही रीतच आहे. वाक्य अडलं की त्यात ‘शक्य असेल तेथे’ घालायचं, फाइल सुटते. मी घातलं. चार दिवसांत मंजुरी आली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि त्या आनंदात मी तुम्हाला सिनेमाला नेलं. तू नुकताच नर्सिंगला प्रवेश घेतला होतास.

नियमावली होईपर्यंत माझी बदली झाली. नव्या माणसाने मंजूर वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मी एक फोन करू शकलो असतो. केला नाही. त्या फाइलचा मला कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही.

तुला त्या घरी एकटीला पाठवलं आणि रुग्णाच्या भावाने तुला जिन्यावरून ढकललं. तुझ्या वरिष्ठांनी चौकशीत लिहिलं, सोबत देणे शक्य नव्हते. नियमात ते चोख बसतं. आणि तू मात्र मावशीला सांगतेस की चूक माझीच, मीच दारातून परत फिरायला हवं होतं, आता तक्रार मागे घेते.

घेऊ नकोस. धोरणाचा शेवटचा टप्पा आढाव्याचा असतो, आणि कोणी तक्रार लावून धरली तरच तो होतो. सोमवारी समिती बसतेय. ते शब्द मी घातले आणि कशासाठी घातले, हे मी लेखी दिलंय. ते तिथे मोठ्याने वाचतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. दोनदा मावशीच्या दारापर्यंत येऊन माघारी गेलो, तोंड उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण सोमवारी जा.

तुझाच,
बाबा